भोंगा वाजला की थांबायचं

परवा व्हिडिओ कॉलवर तू लाकडी खोक्यावर उड्या मारून दाखवल्यास आणि म्हणालास, आजी, याने पायात एकदम झटक्याने ताकद येते. मी म्हटलं, मी केलंय हे, त्रेपन्नाव्या वर्षी. तुम्ही दोघंही हसलात. मलाही हसू आलं, पण गोष्ट खरी आहे. फोनवर ती नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून काढते. तुमच्या बाबाला यातलं फारसं माहीत नाही. तो तेव्हा शिकायला बाहेर होता.

आम्ही पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामधल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मी मिलच्या शॉप ऑफिसात हेड क्लार्क होते. शॉप म्हणजे दुकान नव्हे. तापलेलं पोलाद लाटून लांब करायची एक शेड असते, तिच्या या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. ऑफिस त्या टोकाला होतं. रोज सकाळी पिवळ्या पट्ट्यांमधून चालत जायचं आणि संध्याकाळी तसंच परत यायचं. डोक्यावर छताजवळ रुळांवरून क्रेन फिरत असायची, तिच्या हुकाला टनांनी वजन. क्रेन येताना भोंगा वाजायचा. नोकरीच्या पहिल्या दिवशी सहीसुद्धा करायच्या आधी जे शिकवलं ते एवढंच: भोंगा वाजला की जिथे आहात तिथे थांबा, वर बघा, वजन कुठे चाललंय ते पाहा, मग हला. पळायचं तर कधीच नाही. शेडमध्ये पळणाऱ्याला साहेबसुद्धा सर्वांसमोर बोलत.

पन्नाशीनंतर माझ्या लक्षात आलं की मी दमत नाही, पण मला उशीर होतो. सेक्टरच्या मार्केटपर्यंत दोनदा चालत जाऊन आले तरी काही वाटायचं नाही. मात्र दूध वर येताना दिसायचं आणि हात पोचेपर्यंत ते शेगडीवर पसरलेलं असायचं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

आमच्या मिलच्या प्रयोगशाळेत एक ताई होत्या. पोलादाचे नमुने यंत्रात धरून तुटेपर्यंत ताणायचे आणि तुटताना किती जोर लागला ते लिहायचं, हे त्यांचं काम. भंडाऱ्याकडच्या. वडील रेल्वेत होते, त्यांच्याबरोबर लहानपणीच इकडे आलेल्या. कारखान्याच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत पंचेचाळीस वर्षांवरच्या महिलांची रिले असायची. चौघींनी शंभर-शंभर मीटर धावायचं, काठी एकीने दुसरीला द्यायची. त्यांनी लग्नाआधी तरुणींच्या रिलेपासून सुरुवात केली होती आणि कुठल्या ना कुठल्या गटात जवळजवळ दर वर्षी धावल्या होत्या. नेहमी शेवटच्या टप्प्याला. दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या, पहिल्या कधीच नाही. आमच्या गटाची फिरती ढाल बरीच वर्षं इस्पितळाच्या बायकांकडे होती. त्या फेब्रुवारीअखेर ताई साठ पूर्ण करून निवृत्त होणार होत्या आणि तुमसरजवळच्या गावी भावांच्या शेजारी बांधलेल्या घरात राहायला जाणार होत्या. स्पर्धा जानेवारीत. म्हणजे ही शेवटची.

दसऱ्याच्या सुमारास त्यांची पहिल्या टप्प्याची धावणारी बदली होऊन गेली. दुसऱ्या दिवशी ताई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुमाले पळता येते का?"

"कॉलेजात धावत होते. त्याला तीस वर्षं झाली."

"मंग पाय काय कॉलेजातच जमा करून आल्या?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. मी म्हटलं, विचार करते. ताई म्हणाल्या, "विचार करा, पण उद्या साडेपाचले ग्राउंडवर करा."

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक गृहस्थ राहत, सगळे त्यांना भाऊ म्हणत. आमच्याच शेडमध्ये छताजवळच्या केबिनमध्ये बसून क्रेन चालवायचे, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. सेक्टरच्या मुलांना कबड्डी शिकवायचे, तरुणपणी स्वतः धावलेले. ताईंनी त्यांना आम्हा चौघींच्या मागे लावलं. बाकीच्या दोघी आमच्या शॉपच्या स्टोअरमधल्या, वयाने माझ्यापेक्षा लहान, अंगाने दणकट.

पहिल्या सकाळी भाऊंनी मला एकटीला पळायला लावलं. मी परत आले, तर ते जमिनीकडे बघत होते.

"पळता तं येते वहिनी तुमाले. निघता येत नाही."

"म्हणजे?"

"मी टाळी वाजवली, तुम्ही ऐकली, समजून घेतली, मनातल्या मनात सही केली, मंग निघाल्या. ऑफिसची फाईल आहे का ते?"

तिथून पुढचे तीन महिने मी निघायला शिकले. भाऊंची पद्धत सोपी होती आणि कंटाळवाणी होती. आधी वीस मिनिटं फक्त अंग गरम करायचं. त्यात सूट नाही. पन्नाशीत थंड पाय झटकला की पोटरीतून आवाज येतो, असं ते सांगत. मग मैदानाच्या कडेच्या सिमेंटच्या पायरीवर दोन्ही पाय जोडून उडी. पाच उड्या, उतरताना चालत उतरायचं, उडी मारून नाही. मग वीस मीटर पूर्ण जोराने धाव. एकदा उभ्याने, एकदा गुडघ्यावर बसून, एकदा चक्क पालथं पडून त्यांच्या टाळीवर उठून. प्रत्येक धावेनंतर तीन मिनिटं काहीही करायचं नाही. मला हेच जड जायचं. मी घड्याळ बघायची, त्या वेळात घरी कणीक मळून झाली असती असा हिशेब मनात चालायचा.

"भाऊ, मी दमले नाहीये."

"दमण्यासाठी नाही आले आपण. दमून पळाल्या तं हळू पळायची सवय लागते. उभ्या राहा."

एक चेंडूचा प्रकार होता. भाऊ खांद्याइतक्या उंचीवरून टेनिसचा चेंडू सोडायचे आणि मी पाच पावलांवरून निघून तो दुसरा टप्पा पडायच्या आत पकडायचा. पहिले दोन आठवडे मी वाकून जमिनीला हात लावून यायची. चेंडू तोवर तिसऱ्या टप्प्याला गेलेला असायचा. नंतर कधी तरी तो हातात आला. तो कसा आला हे मला कळलं नाही. हात आधी गेला आणि मी मागून गेले, असं काहीसं झालं. ताई बाजूला बसून मोजे चढवत होत्या. त्या म्हणाल्या, "झालं. मॅडमनं सही न करता फाईल पाठवली."

भाऊंना स्वतःला या कामाची गंमत वाटायची. एकदा ते म्हणाले, "तीस वर्षं मी झटका बसू नये म्हणून जपलो. वजन उचलताना झटका दिला की साखळी जाते. अन् आता म्हातारपणी बायकायले सांगून राहिलो, झटका द्या, झटका द्या."

बूट घ्यायला मी पावर हाउसच्या बाजारात गेले. दुकानदाराने नंबर विचारला आणि मग विचारलं, "बेटे के लिए?" मी म्हटलं, मेरे लिए. त्याने सकाळी फिरायला जायचे मऊ बूट काढले. मी म्हटलं, दौड़ने वाले. त्याने माझ्याकडे आणि माझ्या साडीकडे बघितलं आणि शिडी लावून वरचा डबा उतरवला.

तुमच्या आजोबांची त्या महिन्यांत फर्स्ट शिफ्ट असली की आम्ही दोघंही अंधारात उठायचो, मी मैदानावर आणि ते कामावर. "कोणाच्या मागे लागली वं?" असं ते रोज विचारायचे. रोज तेच. मी उत्तर द्यायचं सोडून दिलं होतं. मात्र माझी पोटरी धरली त्या रात्री त्यांनीच कोमट तेल लावलं आणि तेव्हा ते काही बोलले नाहीत. पोटरीमुळे मला आठ दिवस बसावं लागलं. भाऊ म्हणाले, चूक माझी, लागोपाठ दोन दिवस उड्या द्यायले नव्हत्या पायजे. त्यानंतर ते आठवड्यातून दोनच दिवस उड्या देत आणि त्यातही मी एखादी जास्त मारली की रागावत.

जानेवारीपर्यंत मी चांगलं निघू लागले होते. पहिले पन्नास मीटर कोणी मला गाठत नव्हतं. नंतरच्या पन्नासात माझे पाय जड व्हायचे, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. म्हणून आमची रचना पक्की होती. मी पहिली, स्टोअरच्या दोघी मध्ये, शेवटी ताई, कारण त्यांचा वेग शेवटपर्यंत टिकायचा. शिवाय शेवटची फीत स्वतःच्या छातीने तोडायची, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं ठरलेलं होतं. "एकदा ती फीत अंगाले लागू द्या, मंग मी चालली गावाले," असं त्या म्हणायच्या.

शनिवारी सकाळी प्राथमिक फेरी होती. आठ संघ, चार-चार करून धावायचे, प्रत्येक वेळी पहिले तीन रविवारच्या अंतिम फेरीत. माझ्या डाव्या हाताला इस्पितळाची एक जण होती, उजवीकडे शाळेतली शिक्षिका, पलीकडे दुसऱ्या मिलमधली एक. तिला मी चेहऱ्याने ओळखत होते. नेहमी लाकडी फळ्या आपटून किंवा पिस्तुलाने सुरुवात व्हायची. त्या दिवशी सुरुवात देणाऱ्यांच्या हातात कर्णा होता, मिरवणुकीत बोलायला वापरतात तसला, ज्याला सायरनचं बटण असतं. मी ते बघितलं होतं. त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यांनी तयार राहायला सांगितलं आणि बटण दाबलं.

मी थांबले आणि वर बघितलं.

वर आकाश होतं. किती वेळ बघत होते ते सांगता येणार नाही, फार तर दोन-तीन सेकंद. खाली बघितलं तेव्हा इस्पितळवाली आणि शिक्षिका दहा-बारा पावलं पुढे गेल्या होत्या. उजवीकडे दुसऱ्या मिलवाली अजून वरच बघत होती. सुरुवात देणारे गृहस्थ फार सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, जाइए न."

मी गेले. दुसऱ्या मिलवाली माझ्याही नंतर निघाली, म्हणून आम्ही तिसऱ्या आलो आणि अंतिम फेरीत पोचलो. ताईंनी शेवटच्या टप्प्यात अंतर बरंच कमी केलं, पण ते नुसतं कमी करण्यासारखं अंतर होतं, भरून काढण्यासारखं नव्हतं. मंडपातले लोक हसत होते. जे मिलमध्ये काम करत होते ते जास्त हसत होते, कारण त्यांना लगेच कळलं होतं.

संध्याकाळी आम्ही भाऊंच्या अंगणात बसलो. स्टोअरच्या दोघी, मी, भाऊ. दोघींपैकी एक म्हणाली, मी असती तरी थांबलीच असती. दुसरी म्हणाली, मी तं तिकडे तिसऱ्या टप्प्यावर उभी होती तरी वर पाहिलं. तेवढ्यात ताई आल्या. त्यांच्या हातात कर्णा होता. विहारातला, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वापरतात तो, मागून आणलेला.

"भाऊ, चला ग्राउंडवर. उजेड आहे अजून अर्धा-पाऊण तास. याच्यावर मॅडमले काढा तीस-चाळीस वेळा. उद्या निघते की नाही पाहा."

भाऊंनी कर्णा हातात घेतला नाही.

"हे मी नाही करणार, ताई."

"कावून?"

"ज्या आवाजावर थांबायले शिकवलं, त्याच आवाजावर पळायले कसा शिकवू?"

"एका संध्याकाळचं काम आहे. एका संध्याकाळनं काय पंचवीस वर्षांचं मोडते?"

"नसन मोडत. मोडलं का नाही ते समजन कसं? सोमवारी समजन. वर वजन राहीन अन् खाली वहिनी राहीन."

ताई बसल्या नव्हत्या. "तुम्ही रिटायर होऊन चार वर्षं झाले, भाऊ. अजून वरूनच खाली पाहून राहिले."

"हो. पाहून राहिलो." भाऊ म्हणाले. "तुम्ही लॅबमधल्या. तुमच्या डोक्यावर पंखा फिरते."

ताई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा मॅडम. पाय तुमचे आहे."

मी तुम्हाला खरं सांगते, मला ते करून बघायचं होतं. तीन महिने मी जे शिकले ते हेच की विचार मध्ये न आणता शरीराने निघावं. ते येऊ लागलं होतं आणि त्याचा मला आनंद होता. चाळीस वेळा सायरन वाजवला असता तर मी चाळिसाव्या वेळी निघाले असते, याबद्दल मला शंका नव्हती. अडचण तीच होती. चेंडू पहिल्यांदा हातात आला तेव्हा हात माझ्या आधी गेला होता. सोमवारी पाय माझ्या आधी जाणार नाही असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

मी म्हटलं, "मी नाही करणार. आपण क्रम बदलू. तुम्ही पहिल्या धावा, मी शेवटची."

आम्हा तिघींच्या डोक्यावर क्रेन होती, फक्त ताईंच्या नव्हती. त्यामुळे दुसरा उपाय नव्हताच. ताईंनाही ते कळत होतं. त्यांनी कर्णा ओट्यावर ठेवला, पदराने त्याच्यावरची धूळ पुसली.

"म्हणजे फीत तुम्ही तोडणार."

"तोडली तर."

"तोडाच मंग," त्या म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

रविवारी ताई सायरनवर बरोबर निघाल्या. त्यांची सुरुवात कधीच झपाट्याची नव्हती, आणि तीन महिने त्यांनी तिचा सराव केला नव्हता. त्या वेग धरेपर्यंत टप्पा अर्धा संपला होता. तरी त्यांनी काठी तिसऱ्या नंबरवर दिली. स्टोअरच्या दोघींनी एक जागा वर आणली. माझ्या हातात काठी आली तेव्हा पुढे फक्त इस्पितळाची बाई होती, सात-आठ पावलांवर.

पन्नास मीटरच्या आसपास मी तिच्या बरोबरीला आले. तिचा श्वास ऐकू येत होता. साठला मी पुढे होते, बहुतेक अर्ध्या पावलाने. मग पाय जड झाले, जसे नेहमी व्हायचे. सरावात जड व्हायचे तेव्हा भाऊ थांबवायचे आणि म्हणायचे, तुमचं काम झालं, पुढचं दुसऱ्याचं. त्या दिवशी पुढे दुसरं कोणी नव्हतं. फितीशी ती माझ्यापेक्षा हातभर पुढे होती.

ढाल परत इस्पितळात गेली. आम्हाला दुसऱ्या क्रमांकाचे स्टीलचे डबे मिळाले, चौघींना एकेक. भाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पहिले साठ चांगले झाले." एवढंच. ताई लांब उभ्या राहून स्वेटर घालत होत्या. त्यांनी बटणं सावकाश लावली, सगळी, आणि म्हणाल्या, "चला, ऊन वाढून राहिलं."

सोमवारी मी शेडमधून चालत ऑफिसला गेले. भोंगा वाजला, मी थांबले, वर बघितलं. क्रेन माझ्यापासून बरीच लांबून गेली. त्या दिवशी आणि निवृत्त होईपर्यंतच्या पुढच्या सगळ्या दिवसांत मी थांबत राहिले. त्यावरून काही सिद्ध होत नाही. सराव केला असता तरी कदाचित थांबलेच असते.

ताई पंधरा-वीस दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. प्रयोगशाळेचे कागद स्वतः न आणता शिपायाबरोबर पाठवायच्या. फेब्रुवारीत त्या क्वार्टर सोडत होत्या तेव्हा मी भांडी बांधायला गेले, न बोलावता. आम्ही दुपारभर पितळेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली. मोठ्या पातेल्यात लहान, त्यात वाट्या. मग त्या म्हणाल्या, "भाऊचं मले समजते. भाऊनं वरून लोकं पाहिले. तुमचं नाही समजलं."

"माझं काय?"

"तुमाले माहीत होतं मले काय पायजे."

"माहीत होतं."

"बरं," त्या म्हणाल्या. "ते झाकण द्या इकडे."

आता आम्ही स्मृति नगरात राहतो आणि ताई त्यांच्या गावी. दर दोन-चार महिन्यांनी त्यांचा फोन येतो. आधी तब्येती, मग तुमची चौकशी, तुम्ही तिकडे काय खाता ही काळजी. मग कधी तरी तो विषय निघतो, बहुतेक जानेवारीत, आणि नेहमी त्यांच्याकडूनच. गेल्या खेपेला मी त्यांना विचारलं की ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं. त्यांनी जरासुद्धा वेळ घेतला नाही.

"मी शनिवारी भोंग्यावर पळायले शिकली असती, रविवारी पळाली असती, अन् सोमवारी थांबली असती."

त्यांना ते जमलं असतं, असं मला खरोखर वाटतं. मला जमलं नसतं, हे त्यांना अजून पटत नाही. मी तसं म्हटलं की त्या पलीकडून "हं" म्हणतात आणि यंदा तूर कशी झाली ते सांगायला लागतात.